मैदानावरचा कर्णा कोणाच्या आवाजात बोलतो?

१/ अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शुक्रवारची रात्र बहुधा फुटबॉलची असते. सामन्यापूर्वी खेळाडू सराव करतात, तेव्हा ध्वनिक्षेपकावर गाणी वाजतात; त्यांत रॅप पुष्कळ. शिव्या ऐकून एखादा पालक तक्रार करतो, शाळा शिव्या गाळलेल्या ‘क्लीन व्हर्जन’ची सक्ती करते आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. तो मिटत नाही. त्याचे कारण इतिहासात सापडते.

२/ १९८५ साली टिपर गोर आणि वॉशिंग्टनच्या राजकीय वर्तुळातील काही महिलांनी गाण्यांतील अश्लीलतेविरुद्ध मोहीम उघडली. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर या गायकांनी विरोधात साक्ष दिली. पुढे ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी इशारा आला. १९९० मध्ये त्याचे काळे-पांढरे लेबल सर्वत्र एकसारखे झाले.

३/ हे लेबल विकत घेणाऱ्याला सावध करते. मैदानावर मात्र गाणे कोणी विकत घेत नाही. निवड एक जण करतो. ऐकावे लागते सर्वांना. त्यांत पाहुणा संघ असतो, खेळाडूंचे आजी-आजोबा असतात आणि त्यांची धाकटी भावंडेही.

४/ १९७१ च्या कोहेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका तरुणाची शिक्षा रद्द केली. सक्तीच्या सैन्यभरतीला शिवी देणारे जाकीट घालून तो लॉस एंजेलिसच्या न्यायालयात वावरला होता. ज्याला ते खुपते त्याला नजर वळवता येते, असा एक युक्तिवाद निकालात होता. पण कानांना पापण्या नसतात.

५/ १९७८ साली हाच फरक पुढे आला. जॉर्ज कार्लिन यांचे शिव्यांवरचे विनोदी स्वगत भर दुपारी रेडिओवरून प्रसारित झाले होते. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी नियामक आयोगाची बाजू उचलून धरली. रेडिओ थेट घरात शिरतो आणि मुलांच्या कानी सहज पडतो, हे त्यामागील कारण.

६/ १९८६ चा फ्रेझर खटला तर शाळेतलाच. एका विद्यार्थ्याने मित्राच्या निवडणूक प्रचारासाठी सभेत द्व्यर्थी भाषण केले. त्यात उघड अश्लील शब्द नव्हता. रोख सर्वांना कळत होता. ७ विरुद्ध २ मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. शब्द गाळला म्हणून अर्थ गळत नाही.

७/ याची दुसरी बाजू ‘डिक्सी’ या गाण्यात दिसते. १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये, तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या खेळांसाठी ते रचले गेले. यादवी युद्धात गुलामगिरीवादी दक्षिणेचे गीत बनले. त्यात शिवी नाही. तरीही २०१५ साली आर्कान्सातील फोर्ट स्मिथच्या शाळा मंडळाने साउथसाइड हायस्कूलचे क्रीडागीत म्हणून ते बंद केले. शिव्यांची कोणतीही यादी त्याला अडवू शकली नसती.

८/ येथे एक आक्षेप रास्त आहे. बंदीची कुऱ्हाड रॅपवर लवकर पडते. १९९० साली फ्लोरिडातील न्यायाधीशाने ‘टू लाइव्ह क्रू’चा संग्रह अश्लील ठरवला, १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पिढ्यान्‌पिढ्या ‘डिक्सी’ खपवून घेणाऱ्यांना एकाएकी रॅपच्या भाषेचा विटाळ होत असेल, तर तो सभ्यतेचा कळवळा नव्हे.

९/ म्हणून कसोटी सर्व संगीताला एकच हवी. कर्णा शाळेचा असतो, म्हणून त्यातून येणारा आवाजही शाळेचाच. जे मुख्याध्यापकांना त्याच कर्ण्यावरून, पाहुण्या संघासमोर स्वतःच्या तोंडाने म्हणवणार नाही, ते तेथे वाजू नये. गाणी खेळाडूंनीच निवडावीत. शिक्षकांनी ती आधी अथपासून इतिपर्यंत ऐकावीत. उरलेली गाणी इअरफोनवर ऐकण्यास कोणाचीच हरकत नसावी.