कराचीच्या रीलमध्ये नसलेला कमांडर

दर ४ डिसेंबरला, नौदल दिनी, आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर कराची हल्ल्याची रील येते. क्षेपणास्त्रं, आगीचे लोळ, वर ढोल-ताशा. नाशिकला समुद्र नाही, नौदल आम्हाला मोबाईलवरच भेटतं, हे कबूल. पण मग कमांडर मोहन नारायण राव सामंत त्यात कधीच का नसतात?

सामंत मूळचे पाणबुडीवाले. १९७१ला मुक्तिवाहिनीच्या पोरांना पोहत जाऊन जहाजांना सुरुंग चिकटवायला शिकवणारी गुप्त मोहीम त्यांनी सांभाळली. डिसेंबरात ‘पनवेल’, ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘चित्रांगदा’ या चार बोटी घेऊन ते अनोळखी नद्यांमधून मोंगला आणि खुलना बंदरांवर चालून गेले. १० तारखेला आपल्याच हवाई दलाने शत्रू समजून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’वर बॉम्ब टाकले. दोन्ही बोटी गेल्या. सामंतांनी वाचलेल्यांना बाहेर काढलं. त्यांना महावीर चक्र मिळालं. ‘पलाश’वरचे रुहुल अमीन आज बांगलादेशचे ‘बीरश्रेष्ठ’ आहेत.

त्याच महिन्यात कॉक्स बाजारला जहाजांतून सैन्य उतरवताना आपले जवान बुडाले. किनाऱ्याची नीट पाहणीच झाली नव्हती.

हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, ‘सैन्याचा अपमान करू नकोस.’ अहो, आमच्याकडे सर्व्हर पडला तरी दुसऱ्या दिवशी कारण लिहून काढावं लागतं! इथे माणसं गेली. त्यांची नावं गाळून कुणाचा मान राखताय?

सामंत २०१९मध्ये गेले. त्यांचं सहलेखन असलेलं ‘ऑपरेशन एक्स’ त्याच वर्षी आलं. ग्रुपवर मात्र अजून कराचीच.