अर्ध्या मैलाची वाट

आमच्या आत्याबाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. सकाळीं स्नान आटोपून देवळांत पायीं जाण्याचा त्यांचा नेम पूर्वीं कधीं चुकत नसे. आतां त्या देव्हाऱ्यापुढेंच हात जोडतात. गुडघे कुरकुरतात, हें निमित्त, खरें कारण त्यांनीं आमच्या कुटुंबापाशीं एकदां बोलून दाखविलें, "सूनबाई, देवळाच्या पायऱ्यांचें मला भय नाहीं, रस्ता ओलांडायचें वाटतें." त्याच घरांतला नातू अर्ध्या मैलावरच्या शाळेंत रिक्षांतून जातो. घरांतलें सर्वांत वडील माणूस आणि सर्वांत धाकटें, दोघांच्याही पायांखालची वाट गेली, आणि आम्हां मधल्यांस त्याचा पत्ता नव्हता!

भिवंडींत राहणाऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. २०११ च्या शिरगणतींत येथील वस्ती सात लक्षांवर भरली. सुताचे ट्रक, बीम लादलेल्या हातगाड्या, कापडाच्या गांठी वाहणारे टेंपो आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे माग-कामगार, हा सारा लोंढा जुन्या अरुंद रस्त्यांवरूनच वाहतो. यावर ठरलेला उपाय म्हणजे पूल. राजीव गांधी उड्डाणपूल झालाही. पुलावरून मोटार जाते. पायीं चालणारा पुलाखालींच राहतो. ठाणें-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजीं झाली, आणि अंजूरफाटा, धामणकर नाका हीं स्थानकें तीवर योजिलेलीं आहेत. उत्तमच. परंतु धामणकर नाक्यावर उतरलेली बाई काखेंत मूल आणि हातांत पिशवी घेऊन घर कसें गांठणार? मेट्रोचा उपयोग त्या शेवटच्या अर्ध्या मैलावर ठरावयाचा आहे.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या नियमांत पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर सांगितली आहे. चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी अडूं नयेत, हा त्यांतला हिशेब. उंची १५ सेंटिमीटरपेक्षां अधिक नको. आपल्याकडील पदपथ पुष्कळदां गुडघ्याशीं स्पर्धा करतो आणि प्रत्येक दुकानाच्या दारापाशीं तुटतो. चढा, उतरा, पुन्हां चढा. मध्येंच विजेची पेटी. मग म्हातारें माणूस खालूनच चालूं लागतें, आणि आपण म्हणतों, "लोकांना पदपथ वापरायची संवयच नाहीं!" १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चालण्याजोगा पदपथ हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आहे.

पुण्यास जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बांक मांडले, मुलांस खेळावयास जागा केली. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांस बंद ठेवून पादचारी दिनही पाळला. तेथें सर्वच गोड झालें असें नव्हे. २००६ सालीं बससाठीं राखलेल्या मार्गिकांत इतर वाहनें घुसलींच. कोणी म्हणेल, जंगली महाराज रस्ता ऐसपैस, आमची आळी हातभर. खरें आहे. हातभर आळींत वेगळा पदपथ मागूंच नये. तेथें वाहनाचा वेग माणसाच्या चालीइतका उतरवावा आणि मालाच्या ट्रकांस रात्रीची वेळ नेमून द्यावी. सायकलवाल्यासही मग निराळी सोय लागत नाहीं. रुंद पदपथ हवा तो नाक्यांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना, आणि तेथें बसचा थांबा असा कीं रिक्षांच्या गराड्यांतून धांवत सुटावें लागूं नये.

राहतां राहिले फेरीवाले. त्यांच्यासाठीं २०१४ चा कायदा आहे. जागा नेमून द्यावी, असें तो सांगतो. त्यांच्यावर सर्वांचा राग, पण आमच्या मतें तो अंमळ सोयीचा आहे. भाजीवालीला हटवा म्हणणारे गृहस्थ पदपथावर स्कूटर टेकवून तिच्याकडूनच कोथिंबिरीची जुडी घेतात.

गेल्या रविवारीं पहाटे मी आत्याबाईंचा हात धरून त्यांना देवळापर्यंत नेलें. येतांना त्यांनीं मोजून सांगितलें: सात ठिकाणीं खालीं उतरावें लागलें, आणि तीन ठिकाणीं पदपथावर आमच्याच आळींतल्या मोटारसायकली उभ्या होत्या.

"त्यांतली एक आपली," त्या म्हणाल्या.