इशारे ९७, दखल शून्य

१ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी न्यूयॉर्क शेअर बाजार उघडण्यास अजून दीड तास अवकाश होता. अमेरिकी बाजारातील मोठ्या दलाल कंपन्यांपैकी एक असलेल्या 'नाइट कॅपिटल'च्या संगणकाने आठ वाजून एक मिनिटाच्या सुमारास काही कर्मचाऱ्यांना एक ई-मेल पाठवली. ग्राहकांच्या ऑर्डर बाजाराकडे रवाना करणाऱ्या 'स्मार्स' या यंत्रणेचे नाव त्यात होते आणि 'पॉवर पेग निष्क्रिय' अशा अर्थाची चूक नोंदवलेली होती. साडेनऊच्या घंटेपर्यंत अशा ९७ ई-मेल गेल्या. त्यांची दखल घेऊन कोणतीही हालचाल झाली नाही. बाजार उघडला आणि पुढच्या पाऊण तासात कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली.

या दुर्घटनेचे तांत्रिक कारण आता सर्वज्ञात आहे. 'पॉवर पेग' हा २००३ पासून वापरात नसलेला, पण सॉफ्टवेअरमधून कधीच काढून न टाकलेला भाग होता. शेअर बाजाराच्या नव्या योजनेसाठी कंपनीने आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायला घेतला. तो सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर चढवायचा राहून गेला. नव्या प्रोग्रॅमसाठी जी खूण वापरली होती, तीच पूर्वी 'पॉवर पेग'ची होती. परिणामी आठव्या सर्व्हरवरील हे जुने भूत जागे झाले. ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचे असते, हे त्याला आता कळत नव्हते. अवघ्या २१२ ग्राहकांच्या ऑर्डरपोटी त्याने ४० लाखांहून अधिक सौदे केले, १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाखांवर शेअर्सची उलाढाल केली. घाबरलेल्या तंत्रज्ञांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्रॅम काढून टाकला. बिघाड तेथेच आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात त्यामुळे आठही सर्व्हर बिघडले. बाहेरून आलेल्या ४० कोटी डॉलरच्या भांडवलावर कंपनी त्या आठवड्यात तगली, पण पुढच्याच वर्षी ती 'गेटको' या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे व बाजार आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावताना जो आदेश दिला, त्यातील एक निरीक्षण मात्र फारसे चर्चिले गेले नाही. त्या ९७ ई-मेल 'इशारा' म्हणून तयारच केलेल्या नव्हत्या आणि कर्मचारी त्या आल्याबरोबर सहसा वाचत नसत. म्हणजे यंत्राने आपले काम केले होते. चूक घडली, ती ओळखली गेली, नोंदली गेली, पाठवलीही गेली. पण ती ज्याने वाचायची तो माणूस कंपनीने नेमलेलाच नव्हता.

प्रत्येक व्यावसायिक सॉफ्टवेअर आपली एक रोजनिशी लिहीत असते. बँकेचे असो, विमा कंपनीचे असो की रुग्णालयाच्या बिलांचे, प्रत्येक व्यवहारागणिक वेळ, ठिकाण, गांभीर्य आणि मजकूर अशी ओळ ते एका फाइलमध्ये टाकते. हीच 'लॉग फाइल'. मध्यम आकाराच्या कंपनीतही दिवसाकाठी अशा लाखो ओळी जमू शकतात. त्या डोळ्यांनी वाचणे अशक्य असल्याने 'स्प्लंक', 'इलॅस्टिक', 'नॅगिऑस' यांसारखी साधने त्यांवर पहारा ठेवतात. कोणती ओळ दिसली की घंटा वाजवायची, किती वेळात कितीदा दिसली तर वाजवायची आणि ती कोणाच्या टेबलावर वाजवायची, हे त्या साधनाला शिकवावे लागते. ऐकायला हे सोपे वाटते आणि बहुतेक कंपन्यांमध्ये ते कनिष्ठ अभियंत्यावर सोपवले जाते. घोटाळा येथूनच सुरू होतो.

प्रोग्रॅम लिहिणारे 'एरर' हा शब्द सढळ हाताने वापरतात. ग्राहकाने पासवर्ड चुकीचा टाकला तरी 'एरर'. आणि खात्यात रक्कम दोनदा जमा झाली तर कदाचित साधी 'वॉर्निंग', किंवा काहीच नाही. पहाऱ्याच्या साधनाला केवळ 'एरर' हा शब्द शोधायला सांगितला, तर 'एकही एरर आढळली नाही' या ओळीवरही ते इमाने इतबारे घंटा वाजवते! पहिल्या आठवड्यात सारे धावतात. महिन्याभरात त्या ई-मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातील, अशी सोय जो तो करून घेतो. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण संगणक कक्षालाही लागू पडते. शिवाय इशारा दहा जणांच्या गटाला गेला की, दुसरा कोणी पाहील, असे प्रत्येक जण गृहीत धरतो. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तो असा.

याहून कठीण प्रश्न आहे तो शांततेचा. रात्री व्याज आकारणीचे काम सुरूच झाले नाही, तर ते चुकीची नोंद तरी कोठून करणार? अशा वेळी 'अमुक ओळ पहाटेपर्यंत आली नाही तर कळवा' असा उलटा नियम लावावा लागतो आणि तो लावायचे सहसा राहून जाते. मध्यरात्री जुनी फाइल बंद होऊन नवी सुरू होते आणि पहारेकरी मात्र जुन्याच फाइलकडे टक लावून बसतो, हा प्रकारही नवा नाही. फलकावर सगळे दिवे हिरवे असतात. उलट, सारेच नोंदवण्याचा सोसही महागात पडतो. मे २०१८ मध्ये 'ट्विटर'ला आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना करावी लागली, कारण ते पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये उघड्या अक्षरांत लिहिले गेले होते.

अर्थात, यातील कोणताही निर्णय निव्वळ तांत्रिक नाही. नाइट कॅपिटलमध्ये ज्या खात्यात हे सौदे साचत गेले, त्यावर २० लाख डॉलरची मर्यादा ठरलेली होती. पण ती मर्यादा ओलांडल्यास आपोआप रोखणारी कोणतीही यंत्रणा तिला जोडलेली नव्हती. कोणती चूक धंद्याला बुडवू शकते, हे अभियंत्याला ठाऊक असेलच असे नाही. ते विक्री, लेखा आणि जोखीम सांभाळणाऱ्यांनी त्याला सांगावे लागते.

नाइट कॅपिटलमध्ये पैसे बुडाले ते निदान कंपनीचेच. ब्रिटनमध्ये न वाचलेल्या नोंदींची किंमत सामान्य माणसांनी मोजली. तेथील पोस्ट ऑफिसची 'होरायझन' ही लेखा प्रणाली १९९९ च्या सुमारास देशभर बसवण्यात आली. ती 'फुजित्सू' या कंपनीची. हिशेबात तूट दिसली की शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांकडून ती वसूल केली जाई आणि अनेकांवर चोरीचे व हिशेबातील लबाडीचे खटले भरले गेले. प्रणाली भक्कम आहे, हाच पोस्ट ऑफिसचा धोशा होता. प्रत्यक्षात फुजित्सूकडे 'ज्ञात चुकां'ची स्वतंत्र नोंदवही होती. त्यातील एक दोष अनेक वर्षे, जवळजवळ दर आठवड्याला कोठल्या ना कोठल्या शाखेत उमटत असल्याचे कंपनीच्याच कर्मचाऱ्याने २००६ मध्ये लिहून ठेवले होते. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा हे सारे उजेडात आले.

स्कॉटलंडमधील डाल्मेलिंग्टनचे प्रकरण तर या विषयाचा वस्तुपाठच ठरावा. २०१५ मध्ये तेथील पोस्टमास्तरीणबाईंनी एका लहान केंद्राकडे पाठवलेल्या ८ हजार पौंडांची पोच घेतली. पडदा अडकल्याने कळ पुन्हा दाबली गेली आणि तीच रक्कम चार वेळा जमा झाली. हिशेबात २४ हजार पौंडांचा फरक पडला. चौकशीसाठी फुजित्सूने मागील नोंदी चाळल्या, तेव्हा आधीच्या पाच वर्षांत असे ११२ प्रसंग सापडले. नोंदी तेथेच होत्या आणि एकच पोच क्रमांक दोनदा आला तर घंटा वाजवा, एवढा नियम त्या हुडकायला पुरेसा होता. पण तक्रार येईपर्यंत तो प्रश्न नोंदींना कोणी विचारलाच नव्हता.

सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीवन संपवले असण्याची शक्यता त्यात वर्तवली आहे. दोषी ठरलेल्यांची संख्या एक हजाराच्या घरात जाते. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला मे २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला.

भारतात गेल्या काही वर्षांत नोंदी ठेवण्याबाबत सरकार बरेच कडक झाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय सक्तीची आहे. 'टॅली' वापरणाऱ्या लेखापालांना हा 'एडिट लॉग' परिचयाचा झाला आहे. ही सोय वर्षभर चालू होती काय आणि तीत फेरफार झाला काय, हे लेखापरीक्षकाने अहवालात नमूद करायचे असते. त्या माग-नोंदी वर्षभरात कंपनीत कोणी पाहिल्या, हा रकाना त्यात नाही. बँकांना रिझर्व्ह बँकेच्या जून २०१६ च्या परिपत्रकानुसार अखंड पहारा ठेवावा लागतो, पण त्याचा रोख सायबर हल्ल्यांवर आहे. हल्लेखोर नसताना, आपल्याच सॉफ्टवेअरने केलेल्या चुकीच्या बेरजेकडे पाहण्याची सवय त्याने लागेलच असे नाही.

'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सर्व संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळणे बंधनकारक केले. सर्व यंत्रणांची घड्याळे जुळवून ठेवण्याचा त्यातील आदेश तर विशेष स्वागतार्ह, कारण दोन सर्व्हरच्या वेळेत फरक असेल तर आधी काय घडले आणि नंतर काय, याचा मेळच लागत नाही. याच निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत द्यायची आहे. मात्र हे सहा तास मोजायचे ते घटना घडल्यापासून नव्हे, तर ती लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून. ज्या कंपनीत लॉग फाइल कोणी उघडतच नाही, तेथे ते घड्याळ सुरूच होत नाही.