तिसऱ्या उदरखंडाच्या पलीकडे

खेकडे आणि झिंगे ज्या कवचधारी प्राण्यांत मोडतात, त्यांच्यातील समपाद गणाची एक शाखा पाणी सोडून जमिनीवर स्थिरावली. या शाखेतील वुडलाउस बागेत सहज दिसतात, पण हॅप्लोफ्थाल्मस प्रजातीतील जाती मातीत रुतलेल्या दगडांखाली व कुजक्या लाकडात राहतात. फिकट पांढऱ्या रंगाचे, जेमतेम चार मिलिमीटर लांबीचे, संथ चालीचे हे प्राणी दगड उलटल्यावरही निश्चल राहत असल्याने अनुभवी संग्राहकाच्याही नजरेतून निसटतात.

प्रजाती ओळखणे त्या मानाने सोपे आहे. शरीर अरुंद, कडा जवळपास समांतर, पाठीवर लांबीच्या दिशेने गेलेले कंगोरे, आणि डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच साधा, काळा नेत्रबिंदू ही लक्षणे एकत्र आढळली की शंका उरत नाही. मुंग्यांच्या वारुळात राहणारा प्लॅटिआर्थ्रस हॉफमनसेगी हाही पांढराच असतो, परंतु तो रुंद अंडाकृती असून त्याला डोळे मुळीच नसतात.

खरी अडचण जात ठरवताना येते. उदराच्या तिसऱ्या खंडावर ठळक उंचवट्यांची जोडी असेल तर नमुना मेंगी या जातीचा आणि नसेल तर डॅनिकस या जातीचा, हा सोयीचा निकष ब्रिटनमधील अभ्यासक दीर्घकाळ वापरत आले. मात्र फेरहूफ यांनी 1940 च्या दशकात वर्णिलेल्या मॉन्टिव्हॅगस या जातीतही ती जोडी असते आणि ही जात दक्षिण इंग्लंडमध्येही सापडते. मेंगी आणि मॉन्टिव्हॅगस यांतील भेद नराच्या पायांची सातवी जोडी व उदरोपांगांची, म्हणजे उदराखालील चपट्या अवयवांची, पहिली जोडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कळतो. मादीवरून तो ठरत नाही, आणि नवजात पिलांना तर सातवी जोडी नसतेच.

म्हणून नर न तपासता केलेली मेंगीची प्रत्येक जुनी नोंद या दोन जातींच्या समूहाची मानणे हेच शास्त्राला धरून आहे. अशा नोंदी टाकाऊ ठरत नाहीत, कारण अल्कोहोलमध्ये राखलेला नमुना उपलब्ध असेल तर त्याची फेरतपासणी करता येते. केवळ यादीत उरलेल्या नावाची मात्र करता येत नाही. एका दगडाखाली दोन-तीनच प्राणी मिळाले तरी ते सर्व सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत, आणि नर मिळेपर्यंत चिठ्ठीवर ‘मेंगी समूह’ एवढेच लिहून त्याखाली स्थळ, दिनांक, मातीचा प्रकार व खोली नोंदवावी.