कॅलगरीला जाण्याआधीचा हिशेब

आपल्या मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात पंगतीला बसलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एकच विषय होता: कॅलगरीला जावं का? २०२२ मध्ये अल्बर्टा सरकारने टोरांटो आणि व्हँकुव्हरमध्ये ‘आमच्याकडे या’ अशा जाहिराती लावल्या. त्यानंतर आपल्यातलीही काही घरं हलली. जाणाऱ्याला मंडळाने अडवू नये. पण हा हिशेब बहुतेक घरांत अर्धाच मांडला जातो, आणि उरलेल्या अर्ध्याचा भार घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसावर पडतो. म्हणून हे लिहितो आहे.

घराच्या बाबतीत कॅलगरी उजवी, यात वाद नाही. टोरांटो शहरात ९ लाख डॉलरचं घर घेतलं की हस्तांतरण कर प्रांताला १४,४७५ आणि शहराला पुन्हा तेवढाच, म्हणजे एकूण २८,९५० डॉलर. पहिलंच घर असेल तर त्यात थोडी सूट मिळते. अल्बर्टात हा कर नाही, फक्त नोंदणीचं शुल्क भरावं लागतं. खरेदीवर इथे ऑन्टारियोत १३ टक्के कर, तिथे ५ टक्के.

पण ‘तिथे इन्कम टॅक्स कमी’ हे सरसकट खरं नाही. सगळ्यात वरच्या टप्प्यावर केंद्र आणि प्रांत मिळून ऑन्टारियोत ५३.५३ टक्के लागतात, अल्बर्टात ४८. मात्र ८० हजारांच्या आसपास पगार असेल तर दोन्ही प्रांतांचा कर जवळपास सारखाच येतो. आणखी एक: ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांताचे रहिवासी असाल, त्या प्रांताचा कर सहसा पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. भरपूर पगार असणाऱ्याने नोव्हेंबर की जानेवारी हे ठरवताना एवढं ध्यानात ठेवावं.

आता खर्चाच्या तक्त्यांत न येणारी बाजू. ते तक्ते एका काल्पनिक माणसाचे असतात. त्याला आईवडील नसतात, बायकोची नोकरी नसते. आपल्या घरांत दोन्ही असतं.

ब्रॅम्प्टनमधले आपले आजी-आजोबा बघा. तिथे पासष्टीपुढच्या रहिवाशांना सिटी बस २०२२ पासून फुकट आहे. आजोबा सकाळी कार्ड खिशात टाकून निघतात, वाचनालयात बसतात, देवळात जातात, येताना मेथीची जुडी आणतात. त्यांना कोणाला ‘मला सोड रे’ म्हणावं लागत नाही. स्वस्तात मोठं घर मिळतं म्हणून कॅलगरीच्या अगदी कडेच्या नव्या वसाहतीत गेलात, तर तेच आजोबा मुलाच्या गाडीची वाट बघत बसतील, आणि जानेवारीत पारा कधीकधी उणे तिसाच्या खाली जातो. मग दुसरी गाडी येते: तिचा हप्ता, विमा, हिवाळी टायर, इंजिन गरम ठेवायचा हीटर. भाड्यात वाचलेल्यातला मोठा वाटा तिथेच जातो. थोडं लहान घर चालेल, पण सी-ट्रेन या शहरी रेल्वेच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईशान्य कॅलगरीत आपल्याकडचे लोक आणि किराणा दुकानं जास्त, म्हणून ओढा तिकडे असतो. पण याच भागाला जून २०२० मध्ये गारपिटीने झोडपलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरावर पुन्हा तशीच गारपीट झाली. घर पसंत करण्याआधी त्याच पत्त्यावर घरविम्याचा कोट मागवा, आणि गारपिटीत छताचा किती खर्च आपल्या खिशातून जाईल हे लेखी घ्या.

बायको नर्स किंवा शिक्षिका असेल तर तिला अल्बर्टाचं लायसन्स नव्याने काढावं लागतं. ते हातात येईपर्यंत तिचा पगार शून्य धरूनच आकडेमोड करा. आरोग्य कार्डाची काळजी नको. अल्बर्टाचं कार्ड साधारण तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतं, तोवर ऑन्टारियोचं चालतं.

आणि इथलं घर घाईने विकू नका. विकताना दलालीत ४ ते ५ टक्के जातात, आणि परत यावं लागलं तर हस्तांतरण कर पुन्हा भरावा लागतो. शक्य असेल तर पहिलं वर्ष तिथे भाड्याने काढा.

मंडळाची एक विनंती आहे. जे कॅलगरीला जाऊन वर्षभर राहिले आहेत, त्यांनी आपला खरा खर्च आम्हाला कळवावा: भाडं किंवा हप्ता, वीज आणि गॅस, दोन्ही विमे, गाड्या, पाळणाघर, भारताची तिकिटं. विजेच्या बिलात प्रत्यक्ष वापराचे किती आणि वहनाचे, जोडणीचे किती, तेही वेगळं लिहा. अल्बर्टाच्या बिलात नवख्यांना पहिला धक्का तिथेच बसतो. नावं न छापता ते आकडे पुढच्या अंकात देऊ. घरी आईवडील असतील तर ते आठवड्यातून किती वेळा एकटे बाहेर पडतात, हेही जरूर कळवा.