पाहुणी शर्यत कुठे उतरवायची?

मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया (एफएमएससीआय), चेन्नई



परदेशातली एखादी फॉर्म्युला मालिका भारतात आणायची ठरली की जागेची बोलणी राज्य सरकार, प्रवर्तक कंपनी आणि मालिकेचे परदेशी मालक यांच्यात होतात. तुमचं नाव बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात येतं. तरीही देशाची राष्ट्रीय संघटना तुम्हीच आहात आणि एफआयए या जागतिक संघटनेच्या मान्यतेची शर्यत इथे होते ती तुमच्या संमतीने. ती संमती देताना तुम्ही एक अट घालावी, एवढ्यासाठी हे पत्र. पाहुणी शर्यत जिथे उतरवायची तिथे आधी आपल्या मुलांच्या शर्यती होत असल्या पाहिजेत, आणि पाहुणी परत गेल्यावरही त्या चालू राहिल्या पाहिजेत.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची घरंच्या घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली. आमचं दुकान कुंभकोणमच्या बाजारात आहे आणि बिऱ्हाड गावाबाहेर साक्कोट्टैला. या धंद्याचा मोटर शर्यतींशी काही संबंध नाही. तो जोडला कोल्हापूरच्या भाच्याने. मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर तो कार्ट चालवायला शिकला, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या आपल्याच गावात बघत वाढला. फॉर्म्युला गाडीत बसायची वेळ आली तेव्हा मात्र महाराष्ट्रात त्याच्यासाठी ट्रॅक नव्हता. त्याला चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला यावं लागलं. पुलाच्या शिरोलीजवळ हमरस्त्याला लागायचं आणि बेळगाव, हुबळी, बंगळूर करत नऊशेहून अधिक किलोमीटर यायचं. तोच रस्ता ट्रॅकजवळून पुढे चेन्नईत शिरतो.

भाच्याची शर्यत असली की मी कुंभकोणमहून रात्रीची गाडी पकडून जातो. सकाळी पॅडॉकमध्ये एलजीबी फॉर्म्युला ४च्या गाड्या रांगेने उभ्या असतात. इंजिन मारुतीचं, बांधणी कोइम्बतूरची. मेकॅनिक जमिनीवर उताणा पडून सस्पेन्शनचे बोल्ट आवळतो आणि प्रत्येक बोल्टवर पेनाने एक पिवळी रेघ ओढतो. बोल्ट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मी बराच वेळ तिथेच उभा असतो, कारण असं बारीक काम बघणं हा माझ्याही पोटापाण्याचा भाग आहे.

पण माझा सगळ्यात जास्त जीव जडला आहे तो वळणांवरच्या मार्शलांवर. त्यातले एक आठवडाभर बँकेत नोकरी करतात आणि शनिवार-रविवार नारिंगी कपडे घालून उन्हात उभे राहतात. दुपारी दहीभाताचं पाकीट, एवढीच चैन. एखादी गाडी गरकन फिरून रेतीत रुतली की बघणारे आपण ओरडतो, गाडीकडे धावावंसं वाटतं. ते धावत नाहीत. आधी मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघतात, जोडीदाराने पिवळा झेंडा उंच धरला याची खात्री करतात आणि मगच पाऊल टाकतात. तेव्हाही येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करत नाहीत. हे अंगवळणी पडायला कित्येक शर्यती उभं राहावं लागतं. गाडीची तपासणी करणारे स्क्रूटिनर, वेळ नोंदवणारे, हेल्मेट कसं काढायचं हे जाणणारे डॉक्टर, सगळ्यांचं तसंच आहे. डांबर आणि गॅलऱ्या पैसे टाकून वर्षभरात उभ्या राहतात. ही माणसं तयार व्हायला पिढी जाते.

इथे ती आहेत, कारण मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या शोलावरमच्या धावपट्टीवर क्लबने दशकानुदशकं शर्यती भरवल्या आणि १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टैचा स्वतःचा ट्रॅक सुरू केला. तिकडे कोइम्बतूरला एस. करिवर्धन यांनी मारुती ८००च्या इंजिनावर एकआसनी गाड्या बांधल्या, म्हणून मध्यमवर्गीय घरातली मुलं फॉर्म्युला गाडीत बसू शकली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचा करी मोटर स्पीडवे आज त्या गावात आहे. फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले भारतीय ड्रायव्हर दोनच: २००५ मध्ये जॉर्डन संघातून नारायण कार्तिकेयन, २०१० मध्ये हिस्पानिया संघातून करुण चंधोक. एक कोइम्बतूरचा, दुसरा चेन्नईचा. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आणि फॉर्म्युला वन भारतात आली तेव्हा उतरली कुठे? ग्रेटर नोएडात. ३० ऑक्टोबर २०११ला पहिली भारतीय ग्रां प्री झाली, २०१३ला शेवटची. तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. ट्रॅक उत्तम होता, आजही आहे; पाच किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीची ती वळणं ड्रायव्हरांना मनापासून आवडली होती. पण तिथल्या राज्य सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. फॉर्म्युला वनच्या कंपनीच्या आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. तोवर शर्यत बंद होऊन तीन वर्षं उलटली होती. ट्रॅकमागचा बांधकाम समूह कर्जात रुतला, आणि २०२० मध्ये यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने जमिनीचं वाटपच रद्द केलं. मधल्या काळात राष्ट्रीय स्पर्धांच्या काही फेऱ्या तिथे झाल्या, २०२३ मध्ये एकदा मोटोजीपी येऊन गेली. पण अडचणीच्या वर्षांत ट्रॅकला धरून ठेवणारा, शोलावरमसारखा तिथेच मुरलेला क्लब नव्हता. मालक अडचणीत आल्यावर ट्रॅकही अडचणीत आला.

हैदराबादचं तर अजून ताजं आहे. ११ फेब्रुवारी २०२३ला हुसेनसागरच्या काठाने फॉर्म्युला ईच्या विजेच्या गाड्या धावल्या, ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला. सरोवराच्या कडेने जाणारा तो ट्रॅक टीव्हीवर बघताना मलाही अभिमान वाटला होता. पुढच्या फेब्रुवारीची तारीखसुद्धा ठरली होती. डिसेंबरात राज्यात सरकार बदललं, जानेवारी २०२४ मध्ये शर्यत रद्द झाली आणि वर्षअखेरीस सुमारे ५५ कोटी रुपयांच्या व्यवहारावरून भ्रष्टाचारविरोधी विभागाने गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय लावेल. मला टोचतं ते वेगळंच. एवढ्या खर्चानंतर हैदराबादच्या एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराला रविवारी सकाळी गाडी चालवायला जागा मिळाली का? रस्ता पुन्हा रहदारीचा झाला.

चेन्नईच्या रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल लिहिताना हात अडखळतो, कारण तिने मला खूप आनंद दिला आहे. डिसेंबर २०२३ मधली ती शर्यत मिचाउंग वादळाच्या पुरामुळे लांबली आणि ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ला आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या साडेतीन किलोमीटरवर, रात्री, दिव्यांच्या झोतात झाली. साक्कोट्टैतली ज्यांना फॉर्म्युला गाडी केवळ फोनवर माहीत होती अशी मुलं ती बघायला गेली आणि घसा बसेपर्यंत ओरडून आली. रस्त्यावरची शर्यत लोकांच्या दारात येते, हे तिचं मोठं बळ आहे. पण सरकारी तिजोरीतला पैसा लागला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि पहिल्या दिवशी एफआयएच्या परवान्याची वाट बघण्यात संध्याकाळ गेली. तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर परवाना असलेला, माणसांसकट तयार असलेला ट्रॅक रिकामा होता. त्या पैशातला काही भाग जरी इरुंगाट्टुकोट्टैच्या गॅलऱ्या, दिवे आणि शहरातून येणाऱ्या बसगाड्यांवर खर्च झाला असता, तर तो दरवर्षी कामी आला असता.

जगात टिकलेल्या जागा बघा. सिल्व्हरस्टोन ही शोलावरमसारखीच महायुद्धातली धावपट्टी. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत तिथे झाली आणि आज तो ट्रॅक ब्रिटिश ड्रायव्हरांच्या क्लबच्या मालकीचा आहे. सुझुका होंडाने १९६२ मध्ये गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधला. जपानी मुलं तिथे घडत होती आणि फॉर्म्युला वन आली ती पंचवीस वर्षांनी, १९८७ला. उलट दक्षिण कोरियात येओंगामला नवा कोरा ट्रॅक बांधून २०१०ला ग्रां प्री आणली आणि २०१३ नंतर ती गेली. बहरीन, अबू धाबी टिकली आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्यामागे अख्ख्या राज्याची तिजोरी कायमची उभी आहे. आपल्या राज्यांनी तसं उभं राहावं असं मी म्हणणार नाही, आणि सरकार बदललं की ती उभी राहत नाहीत हे हैदराबादने दाखवलं आहे.

परदेशातली जागा निवडण्याचं एक शहाणपणाचं उदाहरण चेन्नईतच आहे. एमआरएफने आपली फॉर्म्युला २००० चॅलेंज मालिका बहरीन, दुबई, अबू धाबीला नेली, पण घर सोडलं नाही. मोसमाची शेवटची फेरी इरुंगाट्टुकोट्टैला होत राहिली, त्यामुळे त्या मालिकेतले परदेशी ड्रायव्हर इथल्या मार्शलांच्या झेंड्यांखाली धावले. मिक शूमाकर धावला, पिएत्रो फित्तिपाल्दी धावला, पुढे फॉर्म्युला टूचा विजेता झालेला फेलिपे द्रुगोविच धावला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जेमी चॅडविक या इंग्लिश मुलीने विजेतेपद मिळवलं तेही इथेच, आणि ती मालिका जिंकणारी ती पहिली स्त्री. सरकारी करारनाम्याचा गाजावाजा नव्हता. ट्रॅक होता, माणसं होती, पाहुणे आले.

आता माझ्या महाराष्ट्राबद्दल, कारण हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारणच ते आहे. पुणे-चाकण पट्ट्यात देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांचे कारखाने आहेत. मुंबईचा महिंद्रा समूह फॉर्म्युला ईच्या पहिल्या मोसमापासून त्या मालिकेत आहे. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला आणि पुढे फॉर्म्युला ईत चालवून आला. अभियांत्रिकीची मुलं हाताने फॉर्म्युला गाड्या बांधतात आणि फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी त्या ट्रकवर घालून कोइम्बतूरला आणतात. इतकं सगळं असून फॉर्म्युला गाडी चालवायला या राज्यातल्या मुलांना वर्षानुवर्षं बाहेर जावं लागलं. आणि २०२५ मध्ये घोषणा झाली ती नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर रात्रीची शर्यत भरवण्याची. माझा त्या शर्यतीला विरोध नाही. पण करी स्पीडवे जेमतेम दोन किलोमीटरचा आहे आणि त्याने ड्रायव्हरांच्या पिढ्या घडवल्या. तेवढाच ट्रॅक कोल्हापूर-पुणे रस्त्यावर झाला, तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर पार्ट घडवणाऱ्या पोरांना कामही मिळेल आणि वेडही लागेल.

आमच्या दुकानात सोनं आधी आटवून कस बघतात, भाव नंतर सांगतात. परदेशी मालिकेच्या बाबतीत आपण भाव आधी ठरवतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे हे ठेवतो. ज्या जागेवर किमान तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या नियमित झालेल्या नाहीत, तिला परदेशी मालिकेसाठी संमती देऊ नये. रस्त्यावरची शर्यत असेल तर त्याच राज्यात वर्षभर चालणारा एक ट्रॅक किंवा निदान कार्टिंगची शाळा उभी करण्याचं बंधन करारातच असावं, आणि त्याचा पैसा शर्यतीच्या आधी जमा व्हावा. पाहुण्या शर्यतीच्या दिवशी त्याच डांबरावर भारतीय मुलांचीही एक शर्यत असावी. २०१२ मध्ये फॉर्म्युला वनच्या जोडीने एमआरएफच्या गाड्या ग्रेटर नोएडाला धावल्या होत्याच, म्हणजे हे अशक्य नाही. मार्शलांची तुकडी स्थानिक क्लबमधून तयार करावी आणि त्यांच्या प्रवासाचा, जेवणाचा, विम्याचा खर्च प्रवर्तकाने करावा. त्या बँकेतल्या गृहस्थांनी रजा खर्चून यायचं आणि तिकिटाचे पैसेही स्वतः भरायचे, हे बरं नाही. शेवटचं म्हणजे सरकार किती देणार, प्रवर्तक किती देणार आणि कर कुणी भरायचा, हे सही होण्याआधी जाहीर व्हावं. हैदराबादची निम्मी कटकट तेवढ्याने टळली असती.

या अटी मान्य नसलेली मालिका आली नाही तर न येवो. येणारीला तुम्ही पहिल्यांदा इरुंगाट्टुकोट्टै दाखवा. तिथे काय कमी आहे याची यादी तिच्या तज्ज्ञांकडून लेखी घ्या आणि ती राज्य सरकारपुढे ठेवा. ही यादी बनवायला पैसे लागत नाहीत.

पत्राची तमिळ आणि इंग्रजी प्रत टपालाने पाठवतो आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जो काही निर्णय होईल, नकार असला तरी, तो जाहीर करावा ही विनंती.

कळावे,
आपला,
कुंभकोणमचा एक गलाईवाला
साक्कोट्टै