हातावर मावणारा संगणक

शाळेचे वर्ष सुरू झाले की आमच्या कळंबमध्ये आणि पलीकडे नालासोपाऱ्यात घरोघरी एकच विषय निघतो: मुलांना लॅपटॉप घ्यायचा का? घरात मोबाइल एकच. तो अब्बांसोबत कामावर जातो आणि रात्री परत आला की भावंडांची ओढाताण सुरू होते. लॅपटॉप हप्त्यावर घ्यावा तर बहुतेक वेळा व्याज आले. अशा घरांनी एका लहानशा बोर्डाचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

या बोर्डाचे नाव रास्पबेरी पाय. आकार साधारण एटीएम कार्डाएवढा. त्याला स्वतःचा पडदा नाही. घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडायचा, साधा कीबोर्ड आणि माउस लावायचा, की संगणक तयार. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी घटत चालल्याचे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. मुलांना बिनधास्त हाताळता येईल असे स्वस्त यंत्र हवे, म्हणून त्यांनी हा बोर्ड घडवला. तो 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला, तेव्हा मुख्य मॉडेलची किंमत 35 डॉलर होती.

यात विंडोज नसते, लिनक्स चालते. 1969 साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली सुरू केली. तिच्याच धर्तीवर फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा गाभा लिहिला. युनिक्सची एक रीत आपल्या मोठ्या कुटुंबांना फार सोयीची आहे. एकाच यंत्रावर प्रत्येकाचे वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड. मोठ्या मुलीच्या वह्या धाकट्याच्या हातून पुसल्या जात नाहीत, अम्मीचा घरखर्चाचा हिशेब अम्मीपाशीच राहतो. नवे सॉफ्टवेअर बसवण्याची मुख्य किल्ली मात्र घरातल्या एकाच जाणत्या माणसाकडे ठेवावी. पहिले खाते बनवताना जुजबी पासवर्ड देऊ नका.

दुसरी गोष्ट परवानगीची. बाजारात कुणीतरी शंभर-दोनशे रुपयांत चोरीची कॉपी टाकून देतो आणि आपणही फार विचार करत नाही. लिनक्सचा परवानाच सांगतो की वापरा, वाटा, उघडून बघा, बदला. शेजाऱ्याला कॉपी करून दिली तरी कुणाचा हक्क मारला जात नाही. पत्र आणि हिशेबासाठी लिबरऑफिस, लहानांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून स्क्रॅच, मोठ्यांसाठी पायथन, हे सगळे विनामूल्य मिळते. मराठीचे लोहित आणि उर्दूचे नोटो नस्तालिक हे फॉन्टही बसवता येतात. मराठी निबंध आणि उर्दू पत्र एकाच यंत्रावर!

शिकवणार कोण? पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्यात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य ऐकता येतात. केरळच्या सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून मुले लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

आता आपल्या किनाऱ्याच्या चार गोष्टी. या बोर्डात सगळी प्रणाली एका लहान मेमरी कार्डावर असते. पावसाळ्यात वीज अचानक गेली आणि त्या क्षणी कार्डावर काही लिहिले जात असेल, तर कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो. म्हणून काम संपल्यावर मेन्यूतून बंद करा, सरळ बटण खटकावू नका. अभ्यासाची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. जमल्यास तयार केलेले दुसरे कार्ड जवळ असू द्या. मोबाइलचा जुना चार्जर बऱ्याचदा पुरत नाही. पडद्यावर विजेचे चिन्ह दिसले तर वीज कमी पडते आहे असे समजा. खाऱ्या दमट हवेने जोडण्या गंजतात, तेव्हा बोर्ड डबीत ठेवा, पण हवा खेळती राहू द्या, कारण तो तापतो.

घेण्याआधी पूर्ण हिशेब मांडा: बोर्ड, चार्जर, कार्ड, वायर, डबी, कीबोर्ड, माउस. ब्राउझर नीट चालायचा तर मेमरी 4 जीबी तरी घ्यावी. घरात टीव्ही नसेल तर पडद्याचा खर्च वाढतो आणि मग एखादा चांगला जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणे स्वस्त पडू शकते. विजेविना चालणेही लॅपटॉपलाच जमते.

तरी बोर्डाचा एक गुण आम्हाला मोठा वाटतो. मोबाइलवर मूल दुसऱ्याने बनवलेले बघत बसते. इथे ते स्वतः हुकूम लिहिते, चुकते, प्रणाली बिघडवते. बिघडली तर कार्ड पुन्हा लिहायचे, अर्ध्या-पाऊण तासात सगळे पूर्ववत. पुन्हा टीव्ही बैठकीत असतो, म्हणजे मूल काय करते आहे ते घरच्या सगळ्यांच्या नजरेसमोर राहते. मुलीलाही तिचा वेळ ठरवून द्या. मुलगा बसला की तिची पाळी मागे पडते, असे घरोघरी होते. खाते तिच्या नावाचे असेल आणि वेळ भिंतीवर लिहिलेली असेल, तर ती पाळी कुणी हिरावून घेणार नाही.